सीताबर्डीचा डाव: बुद्धिबळाच्या पटापासून भूमिकाखेळापर्यंत

१/
२६ नोव्हेंबर १८१७. नागपूर शहराच्या पश्चिमेला सीताबर्डीच्या दोन टेकड्या. टेकड्यांवर कंपनी सरकारच्या चौदाशेच्या आसपास शिपायांनी ठाण मांडले आहे. पायथ्याशी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याची कोठी आहे आणि समोर नागपूरकर भोसल्यांची कितीतरी पट मोठी फौज जमली आहे. सूर्य मावळतीला जाताना गोळीबार सुरू होतो. सुमारे अठरा तासांनी, दुसऱ्या दिवशीच्या दुपारी, तो थांबतो. तेवढ्या अवधीत एका राज्याचे भवितव्य ठरलेले असते.

२/
इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई दोन परिच्छेदांत संपते. वाचकाला शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे मधला प्रत्येक निर्णय त्याला एक तर अटळ वाटतो, नाही तर मूर्खपणाचा. त्या संध्याकाळी मात्र शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. ते ‘ठाऊक नसणे’ आज पुन्हा कसे अनुभवावे? त्याची एक वाट मित्रमंडळींच्या टेबलावरून जाते. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजेच भूमिकाखेळ, कोठून आला आणि सीताबर्डीचा डाव त्यात कसा मांडता येईल, याचा हा थ्रेड.

३/
भूमिकाखेळ म्हणजे नेमके काय? पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. पाश्चात्त्य खेळांत त्याला रेफरी, गेम मास्टर किंवा डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलून दाखवतो. परिणामाविषयी शंका असेल तेव्हा फासे टाकले जातात. सूत्रधार निकाल देतो आणि नवी परिस्थिती उभी राहते. कथा आधी लिहिलेली नसते, ती डावातच घडत जाते.

४/
या खेळाची वंशावळ मागे नेली तर ती भारतात येऊन पोहोचते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर आणणारा चतुरंग हा खेळ येथे जन्मला. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त त्याचा उल्लेख आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने चार खेळाडूंनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन करून ठेवले. नागपूरला तर हा पट परका नाहीच; जुलै २०२५ मध्ये याच शहराच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला.

५/
बुद्धिबळ हे युद्धाचे चित्र खरे, पण फार स्वच्छ केलेले चित्र. प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे डोळ्यांसमोर असतात. पटावरचा घोडा हुकूम मोडत नाही, उंट घाबरून मागे फिरत नाही, प्याद्याचा पगार थकत नाही. डाव चालू असताना दोन्ही राजांचे वकील तहाची बोलणी करत बसलेले नसतात. खऱ्या लढाईतील या चार गोष्टी, म्हणजे अज्ञान, दैव, हाताखालच्या माणसांची मर्जी आणि वाटाघाटी, पटावर आणायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

६/
पहिले पाऊल जर्मनीत पडले. १७८० मध्ये ब्राउनश्वाइग येथील योहान हेलविग या शिक्षकाने बुद्धिबळाचाच पट वाढवून कितीतरी अधिक घरांचा केला. घरांना रंग देऊन त्याने डोंगर, दलदल, नद्या आणि गावे दाखवली, मोहऱ्यांना पायदळ, घोडदळ व तोफखाना अशी रूपे दिली. दरबारातील तरुणांना युद्धशास्त्र शिकवावे, हा त्याचा हेतू होता. तरीही खेळ घरांच्या चौकटीतच राहिला आणि दोन्ही बाजूंना सगळे काही दिसतच राहिले.

७/
ही चौकट मोडली ती प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी. वडिलांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक टेबलच करून दिले. त्यावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे मांडता येत. लष्करात लेफ्टनंट असलेल्या मुलाने १८२४ मध्ये पूर्ण नियमावली प्रसिद्ध केली. घरांचा पट गेला आणि १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा आला. खेळाचे नाव होते ‘क्रीगश्पील’, म्हणजे शब्दशः युद्धखेळ.

८/
क्रीगश्पीलमधील खरा शोध नकाशाचा नव्हता, पंचाचा होता. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत. ठोकळे पंचच हलवी. जे सैन्य शत्रूच्या नजरेआड आहे ते नकाशावर ठेवलेच जात नसे. एक फेरी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे. माऱ्याने किती माणसे पडली ते फासे टाकून ठरे. अज्ञान आणि दैव या दोन गोष्टी अशा रीतीने प्रथमच टेबलावर आल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही पक्षांचा विश्वास असलेला तिसरा माणूसही.

९/
प्रशियाचे लष्करप्रमुख जनरल म्युफलिंग हा खेळ पाहून भारावले. हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पुढे प्रसिद्ध झाले आणि पलटणींमधून त्याचा प्रसार सुरू झाला. शोधकाच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. धाकट्या राइसविट्झने १८२७ मध्ये आत्महत्या केली. त्याचा खेळ टिकला, तरी एक अडचण वाढत गेली. नियम आणि कोष्टके इतकी साचली की डाव कमी आणि हिशेब जास्त होऊ लागला.

१०/
त्यावर १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने उपाय सुचवला: कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला आपल्या समजुतीने निकाल देऊ द्या. हा ‘मुक्त’ युद्धखेळ. येथे पंच केवळ नियम पाळून घेणारा राहिला नाही, तो परिस्थितीचा अर्थ लावणारा झाला. आजचा सूत्रधार याच पंचाचा वारस आहे. त्याच्यावरचा सगळ्यांत मोठा आक्षेपही तेव्हापासूनचाच: पंच पक्षपाती निघाला तर काय?

११/
१८७०–७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला नमवल्यावर इतर सैन्यांनीही हा खेळ उचलला. ब्रिटिश लष्करासाठी त्याची इंग्रजी नियमावली १८७२ मध्ये तयार झाली, ती कॅप्टन इव्हलिन बेअरिंगच्या हातून. त्याच वर्षी बेअरिंग व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचा खासगी सचिव म्हणून भारतात आला. पुढे हाच माणूस लॉर्ड क्रोमर म्हणून इजिप्तचा कारभार हाकू लागला. नकाशावर सैन्ये हलवण्याची विद्या आणि साम्राज्याचा कारभार ही माणसे एकाच हाताने सांभाळत होती.

१२/
लष्कराबाहेर हा छंद नेणाऱ्यांत लेखक एच. जी. वेल्स हे मोठे नाव. त्यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन घरी लढाई कशी खेळावी ते सांगितले. मराठी मुलांना यात नवल वाटू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचायचा, हळीव पेरून हिरवळ आणायची, बुरुजांवर मावळे उभे करायचे आणि सिंहासनावर महाराज बसवायचे, ही परंपरा त्यांच्या घरचीच आहे. फरक एवढाच की दिवाळीचा किल्ला बहुधा पाहण्यासाठी असतो, त्यावर डाव मांडला जात नाही.

१३/
पुढचे वळण अमेरिकेत आले. १८८० मध्ये चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ नावाची युद्धखेळाची नियमावली लिहिली होती. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती ती ग्रंथालयात लागली. खेळाडूला वाटेल ते करून पाहण्याची मुभा असावी आणि त्याचा निकाल पंचाने द्यावा, हे तत्त्व त्याने त्यातून उचलले. १९६९ मध्ये त्याने मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला.

१४/
दोन सेनापती पुरेसे होते, पण मित्र जास्त जमले. मग वेसलीने उरलेल्यांना गावातील माणसे करून टाकले: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. थोड्याच वेळात खेळाडू कोपऱ्यांत जाऊन आपसांत कारस्थाने करू लागले. दोघांनी तर द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि त्यासाठी वेसलीकडे नियमच नव्हता. सैन्ये बाजूलाच राहिली. डाव फसला असे वेसलीला वाटले. मित्र मात्र म्हणत होते, पुन्हा केव्हा?

१५/
त्या मित्रांपैकी डेव्ह आर्नेसनने हीच रीत किल्ले, भुयारे आणि राक्षसांच्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशात नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने त्याची नियमावली केली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. आज जगभर टेबलांभोवती खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांचे हे मूळ पुस्तक.

१६/
वंशावळ थोडक्यात अशी: चतुरंगाने सैन्य पटावर आणले. हेलविगने भूमी आणली. राइसविट्झने अज्ञान, दैव आणि पंच आणले. फेर्डीने पंचाला विवेक दिला. वेसलीने प्रत्येक माणसाला स्वतःचा हेतू दिला. बुद्धिबळात निर्णय आहे, पण भूमिका नाही. नाटकात भूमिका आहे, पण निर्णय नाटककाराने आधीच घेतलेला आहे. भूमिकाखेळात दोन्ही एकत्र येतात. आता हा आरसा घेऊन पुन्हा नागपूरला यावे.

१७/
मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने व मनाने दुर्बळ होता, म्हणून कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या हाती आला. दरबारातील विरोधकांना शह देण्यासाठी त्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. दुसऱ्या रघूजींनी टाळलेली गोष्ट अशा रीतीने नागपुरात शिरली. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले आणि अप्पासाहेब गादीवर आले. हा खून अप्पासाहेबांनीच करवला, असा आरोप कंपनीने पुढे ठेवला.

१८/
५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशवा बाजीराव आणि कंपनी यांच्यात युद्ध पेटले. पेशव्यांनी अप्पासाहेबांना सेनापतिपद आणि मानाची वस्त्रे पाठवली. ज्या कंपनीशी तह आहे तिच्या शत्रूकडून सन्मान घ्यायचा की नाकारायचा? जेंकिन्सने विरोध कळवला. तरीही २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी ती वस्त्रे जाहीर समारंभात स्वीकारली. तेलंगखेडीची कंपनीची फौज लेफ्टनंट कर्नल स्कॉट याने सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणली.

१९/
टेकड्यांवर मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या देशी पलटणी होत्या, बंगालच्या ६ व्या घोडदळाच्या तीन तुकड्या होत्या आणि सहा पौंडी तोफा चार होत्या. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास सांगितली जाते. त्यांत तीन-चार हजार अरब शिपाई होते आणि खरी धार त्यांचीच होती. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे आकडे मुख्यतः कंपनीच्या कागदांतून येतात. जिंकणाऱ्याला शत्रू मोठा दाखवण्यात नुकसान नसते.

२०/
रात्रभर मारा चालला. दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी शहराच्या बाजूने अधिक उघडी होती. २७ तारखेच्या सकाळी तेथील शिपाई थकलेले होते. त्यातच दारूगोळ्याच्या एका गाड्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला. तेवढ्या संधीत अरब चढून आले आणि त्यांनी लहान टेकडी काबीज केली. मोठी टेकडी आता थेट त्यांच्या माऱ्यात आली. दुसऱ्या बाजूने भोसल्यांचे घोडदळ कोठीच्या मैदानाकडे सरकू लागले. त्या क्षणी कोणी डाव थांबवून विचारले असते, तर नागपूरच जिंकणार असे उत्तर मिळाले असते.

२१/
मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डचे घोडेस्वार राखीव होते. त्याने चढाईची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. पुन्हा मागितली, तेव्हा परिणामांची जबाबदारी त्याचीच राहील अशा अर्थाचे उत्तर आले. ते उत्तर त्याने परवानगी मानले आणि घोडे सोडले. समोरचे घोडदळ फुटले, दोन तोफा हाती लागल्या. हे पाहून टेकडीवरच्या पायदळाला बळ आले आणि लहान टेकडी परत घेतली गेली. दुपारपर्यंत लढाई संपली. बुद्धिबळाच्या पटावर हा प्रसंग घडूच शकत नाही, कारण तेथे घोडा परवानगी मागत नाही.

२२/
अप्पासाहेबांनी हल्ला आपल्या हुकुमाने झाला नाही असे कळवले. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठ्या फौजेसह येऊन पोहोचला. १६ डिसेंबरला अप्पासाहेब कंपनीच्या स्वाधीन झाले. अरबांनी शहरात आणखी काही दिवस झुंज दिली आणि महिनाअखेर अटींवर शहर सोडले. जानेवारी १८१८ मध्ये अप्पासाहेबांना कडक अटींवर पुन्हा गादी मिळाली, मार्चमध्ये अटक झाली आणि मे महिन्यात अलाहाबादच्या वाटेवरून ते शिपायाच्या वेशात निसटले. १८४० मध्ये जोधपूरला त्यांचा अंत झाला. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केले.

२३/
आता डाव मांडायचा. कालावधी: २४ नोव्हेंबरचा दरबार ते २७ नोव्हेंबरची दुपार. पात्रे आठ पुरतात: अप्पासाहेब, युद्ध हवे असलेला एक कारभारी, तह टिकवू पाहणारा दुसरा, पेशव्यांकडून आलेला वकील, अरबांचा जमादार, रेसिडेंट जेंकिन्स, कर्नल स्कॉट, कॅप्टन फिट्झजेराल्ड. खेळाडू कमी असतील तर वकील आणि एक कारभारी सूत्रधाराने सांभाळावा. पण फिट्झजेराल्ड आणि जमादार कधीही गाळू नयेत. हुकूम देणारे आणि हुकूम झेलणारे यांच्यातील अंतर त्यांच्यामुळेच टेबलावर दिसते.

२४/
प्रत्येकाला एक गुप्त चिठ्ठी द्यावी. अप्पासाहेबांच्या चिठ्ठीत परसोजींच्या मृत्यूचे सावट असावे: कंपनीला किती ठाऊक आहे? जेंकिन्सच्या चिठ्ठीत एवढेच की कुमक मागवली आहे, ती केव्हा पोहोचेल याची खात्री नाही. जमादाराला प्रश्न असा की धन्याने ऐनवेळी हात वर केले तर आपल्या माणसांचे काय? पेशव्यांच्या वकिलाला खडकीची पूर्ण हकीकत ठाऊक असते, पण ती जशीच्या तशी सांगणे त्याच्या हिताचे नसते. लढाईआधीचे दोन दिवस या चिठ्ठ्यांवरच खेळले जातात.

२५/
साहित्य फार लागत नाही. कार्डशीटवर दोन टेकड्या, कोठी, मैदान आणि पूर्वेला शहर एवढा नकाशा पुरे. सैन्यासाठी सारीपाटाच्या सोंगट्या चालतात. २६ च्या सूर्यास्तापर्यंत एक फेरी अर्ध्या दिवसाची ठेवावी, त्यानंतर एक तासाची. हुकूम कागदावर लिहून द्यावेत आणि खेळाडूंना निर्णयासाठी तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. शंकास्पद प्रसंगी दोन फासे टाकावेत. किती दान पडले तर काय घडेल, हे सूत्रधाराने फासे पडण्याआधी बोलून दाखवावे. पक्षपाताच्या जुन्या आक्षेपावर हाच सगळ्यांत सोपा उपाय आहे.

२६/
सूत्रधाराचा सगळ्यांत मोठा मोह म्हणजे इतिहास ‘बरोबर’ घडवून आणणे. अप्पासाहेब झालेल्या खेळाडूने वस्त्रे नाकारली, किंवा कुमक येण्याआधी पहाटेच सर्व बळानिशी हल्ला केला, तर त्याला अडवू नये. शक्य होते का, एवढेच पाहावे. त्यासाठी सूत्रधाराने दोन्ही बाजूंचे वाचलेले असावे: एकीकडे जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर प्रांतावरील अहवाल, दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांची बखर आणि या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’. एकाच बाजूचे वाचून मांडलेला डाव आधीच हरलेला असतो.

२७/
उलट मोह खेळाडूंचा असतो: नागपूरला जिंकवायचेच. तो स्वाभाविक आहे, पण डावात एक गोष्ट लवकरच बोचू लागते. टेकडीवर ‘इंग्रज’ म्हणून उभे केलेले बहुतेक मोहरे मद्रास आणि बंगालच्या देशी शिपायांचे आहेत. कंपनीकडील साडेतीनशेहून अधिक मृत आणि जखमींत बहुसंख्य तेच होते. भोसल्यांकडून लढणारे अरब समुद्रापलीकडून आलेले. मग ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण? हा प्रश्न पुस्तकात वाचून पुढे जाता येते. समोर बसलेला मित्र जमादार म्हणून ‘आम्हांला कोणासाठी मारता?’ असे विचारतो, तेव्हा पुढे जाता येत नाही.

२८/
कोणत्या मित्राला कोणता खेळ सुचवावा? बुद्धिबळ आवडणाऱ्याला आधी पंच आणि लपवलेली सैन्ये असलेला युद्धखेळ द्यावा. पट तोच, फक्त डोळ्यांवर धुके येते. नाटकवेड्यांना थेट ब्राउनश्टाइनची रीत मानवते. अद्भुतकथा वाचणाऱ्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ लवकर पकडतो. जो बोलायला बुजतो त्याला अप्पासाहेब करू नये, फिट्झजेराल्ड करावे: डावभर वाट पाहायची, आणि शेवटी एकच निर्णय. अगदी नवख्या मंडळींसाठी फक्त २४ नोव्हेंबरचा दरबार मांडावा. तीन पात्रे, एक प्रश्न, एक तास.

२९/
डाव संपल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. चिठ्ठ्या उघडाव्यात, कोणी काय जाणून कोणता निर्णय घेतला ते सांगावे आणि मग १८१७ मध्ये खरोखर काय घडले ते वाचावे. येथे एक मर्यादा पाळायला हवी. टेबलावर नागपूर जिंकले म्हणून इतिहासात ते जिंकू शकत होते हे सिद्ध होत नाही. फासे पुरावा नसतात. डाव उत्तर देत नाही, प्रश्न नेमका करून देतो. ‘अप्पासाहेब चुकले का?’ या प्रश्नाच्या जागी ‘त्या दिवशी, तेवढ्या माहितीवर, दुसरे काय करता आले असते?’ हा प्रश्न उभा राहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसराच प्रश्न उपयोगी पडतो.

३०/
सीताबर्डीच्या टेकडीवर आज लष्कराच्या ताब्यातील किल्ला आहे. कडेला टेकडी गणपतीचे देऊळ आहे, थोड्या अंतरावर झिरो माईलचा स्तंभ, आणि खालून मेट्रो धावते. बर्डीवर खरेदीला येणाऱ्या गर्दीला या उतारावर एका सकाळी राज्य हातात आले होते आणि दुपारी निसटले, हे सहसा आठवत नाही. कार्डशीट, दोन फासे आणि सात-आठ मित्र जमले की ती सकाळ पुन्हा मांडता येते. शेवट ठाऊक असूनही, निर्णय घ्यायची पाळी आली की हात थबकतोच.

#इतिहास #नागपूर #सीताबर्डी #भूमिकाखेळ